गोंदलेला हात आणि सलामीचा हात

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जीवधन किल्ल्याच्या कातळकड्याखाली आणि नाणेघाटाच्या तोंडाशी घाटघर हे गाव आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी याच घाटाने वर चढून जुन्नरच्या बाजारपेठेकडे जात असे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा म्हणून वाटसरूला आजही दाखवला जातो. घाटातल्या लेण्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन असून पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. मागच्या भिंतीवर त्या राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या कालौघात नष्ट झाल्या. पावलांचे काही अवशेष आणि वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका, हकुसिरि अशी नावे तेवढी राहिली. देह गेला तरी नाव राहावे, ही राजसत्तेची आकांक्षा त्या कातळाने शब्दशः खरी करून दाखवली आहे.

याच डोंगरपट्ट्यातील वृद्ध स्त्रियांच्या अंगावर जे हिरवट-काळे गोंदण दिसते, त्याच्यामागची श्रद्धा मात्र नेमकी याच्या उलट आहे. मरणसमयी अंगावरचा डाग-दागिना, मंगळसूत्र, बांगड्या, सारे उतरवून घेतले जाते. गोंदण मात्र कोणाला उतरवता येत नाही, ते तिच्याबरोबर चितेवर जाते आणि पलीकडच्या दारी तिची ओळख पटवते, असा हा समज महाराष्ट्रात सर्वदूर आहे. शिलालेख देहाच्या पश्चात उरण्यासाठी कोरला जातो, गोंदण देहाबरोबर जाण्यासाठी. म्हणूनच राजाच्या आणि राज्याच्या दृष्टीने ही खूण नेहमीच थोडी अडचणीची ठरत आली आहे. ती कोणत्याही दफ्तरात जमा होत नाही, कोणाच्या नावे बदलून देता येत नाही, आणि जिच्या अंगावर ती आहे तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हुकमाने नाहीशी होत नाही. आज सैन्यभरतीच्या मैदानावर वैद्यकीय अधिकारी उमेदवाराचा हात उलटा करून पाहतो, तेव्हा वरवर पाहता तो एक क्षुल्लक शिरस्ता पाळत असतो; परंतु त्या तपासणीच्या तळाशी एक जुना आणि खोल प्रश्न आहे. देहावर खूण करण्याचा अधिकार कोणाचा आणि ती पाहून माणसाला नाकारण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

आधी गोंदणाचे स्वरूप पाहू. महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी समाजांत आणि त्यांच्या शेजारच्या कुणबी-मराठा घरांतही गोंदण हा प्राधान्याने स्त्रियांचा संस्कार होता. दोन-तीन सुया एकत्र बांधून, दिव्याची काजळी अगर कोळशाची पूड झाडपाल्याच्या रसात कालवून, फिरतीवर आलेली गोंदणारीण मुलीच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर आणि दंडावर ठिपके, तुळस, लक्ष्मीची पावले, पाळणा, विंचू, कृष्णाचा मुकुट अशा आकृती काढीत असे. मुलगी बहुधा लहान असे. तिला घट्ट धरून ठेवावे लागे, आणि तिचे रडणे हा त्या विधीचाच एक भाग मानला जाई. पुढे शिक्षणाचा प्रसार झाला तसे हे गोंदण गावंढळपणाचे लक्षण ठरले. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या आयांनी गोंदणारणीला दारातूनच परत पाठवण्यास प्रारंभ केला आणि एक-दोन पिढ्यांत हा संस्कार मागे पडला. तो पुरता मागे पडतो न पडतो तोच शहरांतून टॅटू या नव्या नावाने तीच कला परतली. आता तिला वातानुकूलित खोली होती, विजेचे यंत्र होते आणि तासाला मोजायचे दाम होते. आजीच्या हातावरच्या तुळशीची ज्यांना लाज वाटत होती, त्यांच्याच नातवंडांच्या दंडावर आज राजमुद्रा, त्रिशूळ किंवा आईचे नाव दिसते. हे नवे गोंदण बहुतांशी पुरुषांचे आहे, तरुणांचे आहे, आणि ते स्वेच्छेने करून घेतलेले आहे.

आता भरतीचा नियम पाहू. २०२२ च्या जून महिन्यात अग्निपथ योजना जाहीर झाल्यानंतर भूदलाच्या भरतीच्या ज्या अधिसूचना निघाल्या, त्यांत आधीपासून चालत आलेला दंडक कायम ठेवण्यात आला. हाताच्या आतल्या बाजूस कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या पाठीमागच्या बाजूस कायमचे गोंदण चालेल, शरीराच्या अन्य कोणत्याही भागावर असल्यास उमेदवार अपात्र ठरेल, असे हा दंडक सांगतो. त्याला एक अपवाद आहे. ज्या जमातींत रूढी-परंपरेने चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदण्याची चाल आहे, त्या जमातींच्या उमेदवारांना प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून सवलत दिली जाते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची वैद्यकीय नियमावली याहून किंचित निराळी आहे. आपला देश धर्मनिरपेक्ष असल्याने देशबांधवांच्या धार्मिक भावनांचा आदर करावयाचा, म्हणून धार्मिक चिन्ह, देवतेची आकृती आणि नाव यांना मुभा आहे. मात्र हे गोंदण डाव्या हाताच्या आतल्या बाजूस असावे, कारण तो सलामीचा हात नव्हे, आणि त्याचा आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशाहून कमी असावा.

या दोन्ही नियमांच्या मुळाशी काही रास्त कारणे आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. अस्वच्छ सुईने कावीळ-ब किंवा एच.आय.व्ही. यांसारख्या रोगांचा संसर्ग होऊ शकतो, आणि म्हणूनच रक्तपेढीही नव्याने गोंदून घेतलेल्या माणसाचे रक्त ठरावीक मुदतीपर्यंत घेत नाही. एखादे चिन्ह दुसऱ्या धर्माचा किंवा जातीचा अवमान करणारे असेल, तर एकाच बराकीत झोपणाऱ्या आणि एकाच ताटलीत जेवणाऱ्या माणसांत ते कलहाचे बीज ठरू शकते. शिवाय कवाईत ही मुळातच माणसामाणसांतले भेद पुसून टाकणारी विद्या आहे. भारतीय राज्यघटनेने पंचविसाव्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले असले, तरी तेहतिसाव्या कलमाने सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, तो याच जाणिवेने. म्हणून नियम असावा की नसावा, याविषयी वाद नाही. नियम ज्या पायावर उभा केला आहे तो पाया न्याय्य आहे काय, एवढेच विचारायचे आहे.

इथे घाटघरसारख्या गावापुरता विचार केला, की एक चमत्कारिक विसंगती दृष्टीस पडते. महादेव कोळी ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे. तेव्हा परंपरेच्या अपवादाचा लाभ या गावातल्या त्या जमातीच्या तरुणाला मिळावा, असे कागदोपत्री तरी दिसते. परंतु परंपरेचे गोंदण हे आजीचे होते, नातवाचे नव्हते. मैदानावर पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या मुलाच्या दंडावर यात्रेतल्या यंत्राने काढलेले जे त्रिशूळ आहे, त्याला जमातीच्या रूढीचा आधार मिळत नाही. आणि ज्या रूढीला आधार आहे, ती त्याच्या अंगावर नाही. मुलींसाठी लष्करी पोलीस दलाचे दार २०१९ मध्ये उघडले. ज्या गोंदणाला नियमाने अभय दिले आहे त्याची खरी वारस ही मुलगी. पण तिच्या आईनेच गोंदणारीण दारातून परतवलेली असल्यामुळे तिचा हात कोरा आहे. सरकारने ज्याला संरक्षण दिले ते जवळजवळ उरलेले नाही, आणि जे आहे त्याला संरक्षण नाही. उलटपक्षी, शेजारच्याच कुणबी घरातल्या मुलीच्या हनुवटीवर तिच्या आजीने हौसेने लहानपणी तीन ठिपके गोंदवले असतील, तर नियमाच्या शब्दांप्रमाणे ती अडचणीत येते, कारण तिची जात अनुसूचित जमातींच्या यादीत नाही. सुई तीच, काजळी तीच, रडणेही तेच. फरक केवळ जातीच्या दाखल्याचा.

देहावरच्या खुणेशी राज्यसंस्थेचा संबंध नेहमी असा सोवळा नव्हता, हेही ध्यानी घेतले पाहिजे. चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रोमन युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हेजेशियसने असे बजावले आहे, की नव्या सैनिकाला निवडल्याबरोबर लगेच गोंदू नये, आधी त्याची कसोटी घ्यावी. म्हणजे त्या काळी गोंदण हेच भरतीचे शिक्कामोर्तब होते. त्याच शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टन्टाइनने असा आदेश काढला होता, की गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर खूण करू नये, हातावर किंवा पोटरीवर करावी, कारण मुखाच्या ठायी दैवी सौंदर्याची प्रतिमा असते. देहाचा कोणता भाग राज्याचा आणि कोणता देवाचा, अशी वाटणी करणारा हा कदाचित सर्वांत जुना सरकारी कागद असावा. मोगल अमदानीत मनसबदाराच्या घोड्याला दाग आणि स्वाराचा चेहरा, म्हणजे त्याच्या रूपवर्णनाची नोंद, ही दोन्ही दफ्तरे एकत्रच ठेवली जात. कंपनी सरकारने बंगाल प्रांतात १७९७ च्या कायद्याने काही गुन्हेगारांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याची शिक्षा सुरू केली. ती १८४९ मध्ये रद्द झाली. इंग्रजी फौजेत पळून गेलेल्या शिपायाच्या अंगावर त्याच्या गुन्ह्याचे आद्याक्षर उमटवण्याची चाल १८७१ पर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आउश्वित्झच्या छावणीत कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले, आणि त्यांच्याच एस.एस. दलातील सैनिकांच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूस रक्तगट गोंदलेला असे. युद्धानंतर तीच खूण त्यांना ओळखून पकडण्यास उपयोगी पडली. जुन्नर-अकोल्याच्या डोंगरांतील कोळीही सरकारी पलटणीला नवे नव्हते. १८५७ च्या धामधुमीत कॅप्टन नटॉल या अधिकाऱ्याने कोळ्यांची एक पलटण उभारली, आणि १८६१ मध्ये काम संपताच ती मोडून टाकण्यात आली. त्या काळच्या सरकारी वर्णनपत्रकांत अंगावरच्या खुणा टिपून ठेवण्याची पद्धत होती, आणि शिपायाच्या अंगावरचे गोंदण हे सरकारच्या दृष्टीने दोष नसून सोय होती.

यावरून असे दिसते की, राज्याला खूण नको असते असे नाही. त्याला दुसऱ्याने केलेली खूण नको असते. आणि हा आग्रहही तत्त्वापेक्षा गरजेवर अधिक अवलंबून असतो. ब्रिटिश भूदलाने २०१४ मध्ये हातांवरच्या आणि मानेच्या मागच्या गोंदणाला परवानगी दिली. अमेरिकेच्या भूदलाने २०२२ च्या जूनमध्ये प्रत्येक हातावर एक इंचापर्यंतचे आणि मानेमागे दोन इंचांपर्यंतचे एकेक चिन्ह मान्य केले. या दोन्ही देशांत सैन्यभरतीला पुरेसे तरुण मिळेनासे झाले होते. आपल्याकडे २०२२ मध्ये, अग्निपथ योजनेच्या पहिल्याच वर्षी, हवाई दलाच्या अग्निवीर भरतीसाठी सुमारे साडेसात लाख अर्ज आले. जिथे दारात एवढी रांग उभी असते, तिथे दार उघडणाऱ्याला औदार्याची निकड भासत नाही. तेव्हा पाश्चात्त्य सैन्यांची दृष्टी उदार झाली आणि आपली संकुचित राहिली, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांची गरज वाढली एवढेच त्यातून सिद्ध होते.

राज्यसंस्था अशी गरजेनुसार वागते. पण धर्मसंस्थेने तरी या प्रश्नाचे निश्चित उत्तर दिले आहे काय? माध्व संप्रदायात आषाढी एकादशीला तापवलेल्या धातूच्या शंखचक्रांच्या मुद्रा अंगावर उमटवून घेण्याची तप्तमुद्रेची परंपरा आहे. श्रीवैष्णवांच्या पंचसंस्कारांतही तिला स्थान आहे. स्मार्त पंडितांनी तिच्यावर कठोर टीका केली आणि शतकानुशतके या विषयावर वचनांची देवघेव चालत राहिली. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधू रचला, तेव्हा त्यांच्यापुढे विधायक आणि निषेधक अशी दोन्ही प्रकारची वचने होती. त्यांनी कोणा एका पक्षाला खोटे न ठरवता ज्याच्या कुळात जो आचार आहे तो त्याने पाळावा, या परंपरेच्या न्यायाने वाद मिटवला. भरतीच्या नियमातला जमातीचा अपवाद आणि धर्मसिंधूतला हा निवाडा यांची जात एकच आहे. दोघांनीही खुणेच्या अर्थाविषयी काही म्हणण्याचे टाळले आणि परंपरेवर भार टाकून मोकळे झाले. शास्त्रीबुवांना ते शोभून दिसते, कारण ते ज्या समाजासाठी लिहीत होते त्यात माणसाची ओळखच कुळाने ठरत होती. पण जी राज्यघटना जन्मावर आधारलेला भेद नाकारते, तिच्या छायेखालच्या सैन्याने उमेदवाराचा हात पाहण्यासाठी त्याचे कूळ विचारावे, हे तितकेसे शोभत नाही.

वारकऱ्यांनी या प्रश्नाची निराळीच सोडवणूक केली आहे. ते कपाळाला आणि अंगाला गोपीचंदनाच्या मुद्रा लावतात. पण त्या रोज सकाळी लावायच्या आणि स्नानाबरोबर धुऊन जाऊ द्यायच्या. गळ्यातली तुळशीची माळ आयुष्यभराची असते खरी, परंतु तीही सुताने ओवलेली असते. ती टिकवायची तर रोजच्या आचरणाने टिकवावी लागते. व्रताला जसे उद्यापन असते तसे गोंदणाला नसते, आणि वारकऱ्याच्या दृष्टीने हीच त्याची उणीव आहे. जे पुसले जाऊ शकते तेच रोज नव्याने स्वीकारता येते; जे पुसताच येत नाही ते स्वीकारल्याचे श्रेय केवळ त्या पहिल्या दिवसाला मिळते. देहाच्या खुणेपेक्षा मनाची पुनःपुन्हा केलेली निवड श्रेष्ठ, हा विचार या पंथाच्या आचारातच रुजलेला आहे.

सैनिकाची तुलना संन्याशाशी करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यात तथ्यही आहे. दोघेही पूर्वाश्रम मागे टाकतात, केस उतरवतात, सर्वांसारखे वस्त्र धारण करतात. एकाला नवे नाव मिळते, दुसऱ्याला क्रमांक. परंतु संन्यासातही कोणती खूण टाकायची याविषयी एकवाक्यता नाही. अद्वैती संन्यासी शिखा आणि यज्ञोपवीत यांचा त्याग करतात; श्रीवैष्णव त्रिदंडी ती दोन्ही राखतात; आणि माध्व यती शिखासूत्र टाकूनही तप्तमुद्रा मात्र अंगावर बाळगतात. म्हणजे ज्या आश्रमात सर्वस्वाचा त्याग अभिप्रेत आहे, तिथेही देहावरची एखादी खूण शिल्लक ठेवण्याला संप्रदायांनी मान्यता दिली आहे. मग जो संन्यासी नव्हे, जो ठरावीक मुदतीच्या चाकरीसाठी शपथ घेतो, त्याच्याकडून याहून अधिक त्यागाची अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची? अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. ती संपल्यावर चारांपैकी जास्तीत जास्त एकालाच पुढे कायम करण्याची तरतूद आहे. गोंदण मात्र जन्माचे. चार वर्षांच्या चाकरीच्या आशेने तरुण आपल्या आईचे नाव लेसरने जाळून घेतो, आणि तेथे कातडीवर व्रण राहिला म्हणून पुन्हा चिंतेत पडतो, हे दृश्य कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ केल्याशिवाय राहणार नाही.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न वेळोवेळी आला आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सोलापूरच्या एका तरुणाला दिलासा दिला. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्याच्या हातावरच्या धार्मिक चिन्हामुळे त्याला नाकारले होते. भूदलात जे चिन्ह चालते ते इथे का चालू नये, असा न्यायालयाचा सूर होता. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे उजव्या हातावरच्या गोंदणाचे प्रकरण आले, तेव्हा ते काढून टाकून पुन्हा तपासणीस येण्याची संधी उमेदवाराला देण्यात आली. हवाई दलातील दाढीच्या प्रकरणात २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने नियमाच्या शब्दांना धरून असा कस लावला की, केस कापणे ज्या धर्माने निषिद्ध ठरवले आहे त्यालाच सवलत, आणि अर्जदाराचा धर्म तसा निषेध करतो असे सिद्ध झालेले नाही. हे सर्व निर्णय आपापल्या जागी सुसंगत असतील; पण त्यांतून एक विचित्र भूमिका न्यायाधीशांच्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वाट्याला येते. हे चिन्ह खरोखर धार्मिक आहे काय, ही रूढी खरोखर पुरातन आहे काय, हा धर्म खरोखर असे सांगतो काय, असे प्रश्न विचारता विचारता ते नकळत भक्तीचे परीक्षक होतात. ज्यांना नाडी पाहण्याचे आणि छाती मोजण्याचे काम दिले आहे, त्यांनी श्रद्धेची खोली मोजू जावे, ही गोष्ट श्रद्धेलाही हितकर नाही आणि सैन्यालाही.

देहाची मालकी हा मूळ प्रश्न आहे, असे आरंभी म्हटले. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले आहे. शेताच्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावाखेरीज इतर हक्कांचाही रकाना असतो. तिथे वहिवाटीचा रस्ता नोंदला जातो, बोजा चढवला जातो, पण त्यामुळे मालकी बदलत नाही. देहावरचा राज्याचा हक्क हा असाच इतर हक्कांच्या रकान्यातला आहे. शपथ घेणारा सैनिक तो राजीखुशीने लिहून देतो, आणि एकदा लिहून दिल्यावर त्याने तो पाळला पाहिजे. परंतु शपथेच्या आधी, कुळाने किंवा वडीलधाऱ्यांनी त्या देहावर जे करून ठेवले, त्याचा जाब त्याला विचारणे हा मालकीच्या रकान्यात हात घालण्याचा प्रकार आहे.

इथे आळ्याच्या रेड्याची आठवण होते. ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले त्या रेड्याची समाधी म्हणून जी दाखवली जाते ती याच जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे. पैठणला रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले तेव्हा त्याचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. ही कथा कोणी इतिहास म्हणून मानावी असा आग्रह नाही. पण देहावरच्या खुणेविषयी तिने जे सांगितले आहे ते फार मोलाचे आहे. त्या ठिकाणी वळ हे जातीचे चिन्ह राहिले नाही, कुळाचे राहिले नाही, पशू आणि मनुष्य यांतला भेदही त्याने ओलांडला. खुणेचे धार्मिक मूल्य तिच्या आकृतीत नसून, तिच्यामुळे माणूस दुसऱ्याशी कितपत बांधला जातो यात आहे, हे त्या कथेचे तात्पर्य. हातावर त्रिशूळ कोरून शेजाऱ्याचा द्वेष करणाऱ्यापेक्षा कोऱ्या हाताने त्याची शुश्रूषा करणारा शिवाच्या अधिक जवळ असतो, हे सांगण्यास शास्त्राधाराची गरज नाही.

तेव्हा नियमाचा पाया जमात हा नसून संमती हा असावा, असे मला वाटते. अज्ञान वयात वडीलधाऱ्यांनी केलेले गोंदण, ते अंगावर कोठेही असो आणि उमेदवार कोणत्याही जातीचा असो, अपात्रतेचे कारण होऊ नये. कारण जे आपण केले नाही त्याची शिक्षा आपण भोगू नये, हा न्यायाचा प्राथमिक नियम आहे. याउलट जाणत्या वयात स्वेच्छेने केलेल्या गोंदणाला स्थानाची आणि आकाराची मर्यादा घालण्याचा सैन्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ती मर्यादा आदिवासी असो वा बिगरआदिवासी, धार्मिक असो वा लौकिक, सर्वांना सारखी असावी. सलामीचा हात कोरा हवा असेल तर तसे खुशाल सांगावे. त्या हातावर देवाचे नाव आहे की आईचे, हे विचारू नये. परधर्माचा किंवा परजातीचा उघड अवमान करणारे चिन्ह मात्र कोठेही चालू नये, आणि त्याबाबत कोणाच्या परंपरेची सबब ऐकू नये.

यावर असा आक्षेप येईल की, गोंदण बालपणीचे की तारुण्यातले हे ठरवायचे कसे? अडचण खरी आहे, पण ती आजच्या अडचणीहून मोठी नाही. लहानपणचे गोंदण अंगाबरोबर वाढते, पसरते आणि फिकट होते; यंत्राच्या रेषेचा धारदारपणा त्याला नसतो. शिवाय जातीचा, अधिवासाचा आणि वयाचा दाखला देणारे सरकार गावच्या पंचांच्या प्रतिज्ञापत्रावर विश्वास ठेवून आणखी एक दाखला देऊ शकते. रूढी किती जुनी हे ठरवण्यापेक्षा मुलीचे वय त्या वेळी किती होते हे ठरवणे केव्हाही सोपे. दुसरा आक्षेप असा येईल की, एवढ्या लहान बाबीसाठी एवढा विचार कशाला? त्याला उत्तर असे की, माणसाच्या देहावर हात ठेवून केलेला कोणताही कायदा लहान नसतो. दाग, चेहरा आणि कपाळावरचे अक्षर यांच्या इतिहासाने एवढे तरी शिकवले असेल.

राहता राहिले भरतीची तयारी करणारे तरुण. सुई हातावर टेकण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टींचा विचार करावा, अशी त्यांना विनंती आहे. ज्याचे नाव आपण कोरून घेत आहोत त्याच्याशी आयुष्यभर प्रामाणिक राहण्याची आपली तयारी आहे काय, हा पहिला विचार. आणि आजचा नियम आपल्या बाजूचा नाही, हा दुसरा. नियम बदलावा म्हणून झगडणे योग्य आहे. तो बदलेपर्यंत त्याची माहिती नसणे हे मात्र शहाणपणाचे नाही. सरकारला एवढेच सांगणे, की शिपायाची निष्ठा त्याच्या शपथेवरून आणि वर्तनावरून ओळखावी, आणि त्याच्या आजीच्या सुईचा हिशेब त्याच्याकडे मागू नये.